खजिना नसलेली जागा: गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि ग्रेट झिम्बाब्वे, १९२९

आपल्याकडे डोंगरात कुठलंही लेणं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. नाशिकची लेणी सातवाहन आणि क्षत्रपांच्या शिलालेखांनी भरलेली आहेत. दान कोणी दिलं, कशासाठी दिलं, हे भिंतीवरच लिहिलंय, तरी नाव पांडवलेणीच. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांनी उद्या असं सांगायला घेतलं, की हे काम तुमच्या बापजाद्यांच्या हातून होणं शक्यच नाही, ते आमच्यासारख्याच कोणा परक्यांनी केलं आणि तुम्ही नंतर येऊन घुसलात, तर? मग ती गोष्ट राहत नाही, सातबाऱ्यावरची खाडाखोड होते.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात साठेक वर्षं नेमकं हेच चाललं होतं. ते मोडून काढणारा सगळ्यात ठोस पुरावा १९२९ साली एका ४१ वर्षांच्या इंग्रज पुरातत्त्वज्ञ बाईने, दोन तरुण मदतनीस मुली आणि स्थानिक मजुरांच्या साहाय्याने, एका हंगामात मिळवला. गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांची कारकीर्द मोठी आहे. पण त्यांची कामाची पद्धत समजून घ्यायची तर हे एकच प्रकरण नीट उघडून पाहिलेलं बरं.

भिंती आणि त्यांचे दावेदार

ग्रेट झिम्बाब्वे ही जागा आजच्या झिम्बाब्वेमधल्या मास्विंगो शहराच्या आग्नेयेला, तीसेक किलोमीटरच्या आत. एक खडकाळ टेकडी, तिच्या पायथ्याशी दरी, आणि दोन्हीकडे पसरलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती. दरीतल्या सर्वांत मोठ्या वास्तूला, म्हणजे ग्रेट एन्क्लोजरला, सुमारे २५० मीटर घेराची बाहेरची भिंत आहे आणि काही ठिकाणी ती ११ मीटर उंच आहे. आत शंकूच्या आकाराचा एक बुरूज, सुमारे १० मीटरचा, भरीव. चुना नाही, गारा नाही. हेमाडपंती देऊळ जवळून पाहिलेल्याला कोरड्या जुळणीचं अप्रूप वाटणार नाही, पण इथली रीत निराळी. आपल्याकडे दगड घडवून, खाचेत कुसू बसवून जोडलेला असतो. इथे ऊन आणि थंडीने ग्रॅनाइटचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्यांचे विटेएवढे तुकडे करून थरावर थर लावलेत. कोपरे जवळजवळ नाहीतच, सगळं वळणावळणाने जाणारं. तिथल्या लोकांच्या शोना भाषेत दगडी घरांसाठी जो शब्द आहे, त्यावरूनच झिम्बाब्वे हे नाव आलं.

१८७१ साली कार्ल माउख हा जर्मन भूगर्भतज्ज्ञ तिथे पोचला. एका लाकडी तुळईचा तुकडा त्याने काढला, तो त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणून तुळई लेबनॉनच्या देवदाराची, म्हणून ती फिनिशियन लोकांनी, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दींनी आणली, म्हणून हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा महाल. लाकूड प्रत्यक्षात तिथल्याच रानातलं होतं. तर्काची एवढी लांब उडी एका पेन्सिलीच्या जोरावर क्वचितच कोणी मारली असेल.

माउखच्या स्वप्नाळूपणाचं हसू येतं, पण त्यानंतर आलेल्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. १८९० मध्ये वसाहतवादी उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने हा मुलूख घेतला. दुसऱ्याच वर्षी इंग्रज प्रवासी-संशोधक थिओडोर बेंट यांना या अवशेषांच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आलं. बेंटना बुरुजाजवळ खणताना आसपासच्या लोकांच्या वापरातल्यासारखीच खापरं आणि वस्तू सापडल्या. तरी १८९२ च्या पुस्तकात त्यांनी बांधकामाचं श्रेय अरबस्तानाकडून आलेल्या प्राचीन वंशाला देऊन टाकलं. १८९५ मध्ये तर अवशेषांमधून सोनं काढण्यासाठी रीतसर एक कंपनीच निघाली. ग्रेट झिम्बाब्वे तिच्या परवान्यातून वगळलेलं होतं, पण बाकीच्या कित्येक जागा तिने नासवल्या.

सगळ्यात मोठं नुकसान केलं ते राखणदारानेच. १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराची इथे देखरेखीसाठी नेमणूक झाली. अवशेष सांभाळणं एवढंच त्याचं काम होतं. त्याने दोन वर्षांत ठिकठिकाणी तीन ते पाच फूट, काही जागी त्याहून जास्त, जमीन खरवडून बाहेर फेकली. ती स्थानिक लोकांच्या वस्तीची घाण आहे आणि तिच्याखाली खऱ्या बांधणाऱ्यांचा थर मिळेल, असा त्याचा हिशेब होता. उत्खननाच्या भाषेत सांगायचं तर पांढरीची सगळी माती, म्हणजे वस्तीची राख, खापरं, हाडं आणि सारवणाचे थर ज्यात एकावर एक बसलेले असतात ती, त्याने कचरा म्हणून झाडून काढली. खुनाच्या जागेची फरशी धुऊन ठेवावी तसा प्रकार.

पहिला निकाल टिकला नाही, तो का

ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानाच्या प्रसाराची मोठी संस्था. तिने १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांना पाठवलं. ते नामांकित उत्खननकर्ते फ्लिंडर्स पेट्री यांच्या हाताखाली इजिप्तमध्ये तयार झालेले. त्यांनी निःसंदिग्ध सांगितलं: बांधकाम आफ्रिकी, काळ मध्ययुगीन. गोऱ्या वसाहतीत संताप उसळला. हॉलने १९०९ मध्ये त्याला उत्तर म्हणून एक जाडजूड पुस्तकच लिहिलं.

मॅकआयव्हर यांचं म्हणणं बरोबर होतं, पण प्रकरण मिटलं नाही, आणि याचं सगळं खापर वसाहतीच्या हट्टावर फोडता येणार नाही. मुख्य वास्तूंमध्ये हॉलने थर शिल्लकच ठेवले नव्हते. जे हाती लागलं त्यावर मॅकआयव्हर यांनी निकाल दिला, आणि विरोधकांना 'यांनी पाहिलं ते वरवरचं, उशिराचं' असं म्हणायला फट उरली. ती फट खोटी होती की खरी, हे तिथे पुन्हा खणल्याशिवाय सांगता येत नव्हतं. म्हणून २४ वर्षांनी त्याच संस्थेला त्याच प्रश्नासाठी दुसरा माणूस शोधावा लागला. १९२९ चं अधिवेशन दक्षिण आफ्रिकेत भरणार होतं, निष्कर्ष तिथेच मांडायचा होता. म्हणजे मुदतही ठरलेली, आणि सभागृहात बसणारे लोक कोण असणार तेही ठरलेलं.

बाई तिथवर कशा आल्या

जन्म १ फेब्रुवारी १८८८, लंडन. लहानपणीच वडील वारले. १९१२ मध्ये वारसाहक्काने आलेल्या पैशामुळे पोटापाण्याची चिंता उरली नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या काळात पुरातत्त्वात स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलेल्या बहुतेक बायकांच्या मागे असा काहीतरी आधार असायचा. नसलेल्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी काम केलं. पहिल्या महायुद्धात जहाजवाहतुकीच्या मंत्रालयात नोकरी केली, १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेलाही सचिव म्हणून गेल्या. तिशी उलटल्यावर, १९२१ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पेट्री आणि मार्गारेट मरे यांच्याकडे त्या शिकायला बसल्या. कचेरीतली फायलींची शिस्त पुढे खड्ड्यातही उपयोगी पडली असावी, असं मला त्यांचं काम वाचताना राहून राहून वाटतं.

नंतर केंब्रिजचं न्यूनहॅम कॉलेज. त्या विद्यापीठाने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं, हे जाता जाता.

खरी तयारी झाली इजिप्तमध्ये. १९२४ मध्ये पेट्री आणि गाय ब्रंटन यांची माणसं काउ-बदारी भागात कबरी उघडत होती. कबरीत अख्खी भांडी मिळतात, दागिने मिळतात, संग्रहालयं खूश होतात. बाईंनी हेमामिए इथलं गाव निवडलं. गावात काय मिळणार? फुटकी खापरं, चुलीची राख, झोपड्यांच्या गोल भिंतींचे बुडखे. पण गाव एकावर एक बसत जातं, कबरी तशा बसत नाहीत. त्यांनी सहा-सहा इंचांचे थर पाडून जमीन खाली नेली आणि प्रत्येक वस्तू कुठल्या थरात, कुठल्या जागी मिळाली याची नोंद ठेवली. आज पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे करावं लागतं. १९२४ मध्ये असा हिशेब ठेवणारे फार थोडे होते. त्यातून बदारी संस्कृती ही नंतरच्या राजवंशपूर्व संस्कृतींच्या खाली, म्हणजे आधीची आहे, हे थरांवरूनच सिद्ध झालं. पेट्रींनी भांड्यांच्या घडणीवरून लावलेल्या क्रमाला जमिनीचा पुरावा मिळाला.

त्यानंतर भूगर्भतज्ज्ञ एलिनॉर गार्डनर यांच्याबरोबर फायूम. वाळवंटाच्या कडेला नवाश्मयुगीन शेतकऱ्यांची धान्याची पेवं, गवताच्या विणीचं अस्तर लावलेली. आपल्याकडची जुनी पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे उभं राहील.

निवड

आता मुद्द्याचं. १९२९ च्या सुरुवातीला बाई ग्रेट झिम्बाब्वेला पोचल्या. बरोबर कॅथलीन केन्यन, ऑक्सफर्डहून नुकती बाहेर पडलेली २३ वर्षांची मुलगी, छायाचित्रणासाठी. आणि डोरोथी नॉरी. पथकाच्या तिन्ही सदस्य बायका. तेव्हा याची चर्चा झाली असणारच, पण बाईंपुढचा प्रश्न वेगळा होता: खणायचं कुठे?

मोह तीन होते. पहिला, टेकडी, जिला 'ॲक्रोपोलिस' असं भपकेबाज ग्रीक नाव दिलेलं. दुसरा, ग्रेट एन्क्लोजर आणि त्यातला बुरूज; सगळे दावे त्याच्याभोवती घोटाळत होते. तिसरा, दरीतल्या त्या वास्तू जिथे आधी घबाड मिळालं होतं. रेंडर्स रुइन नावाच्या अवशेषात हॉलला चिनी मातीची भांडी, काच आणि इतर आयात माल एकत्र मिळाला होता. तिथे पुन्हा काहीतरी चमकदार मिळण्याची शक्यता होती, आणि अधिवेशनात चमकदार वस्तू दाखवता आली असती.

बाईंनी मांड रुइन निवडलं. दरीतलं एक साधंसं, पडकं आवार. तिथे कोणालाच काही विशेष दिसलं नव्हतं, म्हणून बेंट, हॉल आणि सोन्याच्या मागे लागलेले बाकीचे त्याला फारसे शिवले नव्हते. बाईंसाठी त्याची किंमत हीच. लुटारूंना जिथे खजिना दिसला नाही तिथे थर शाबूत राहिले.

हा निर्णय सांगायला सोपा वाटतो. पण आपण त्यांच्या जागी असतो तर? एकच हंगाम, एकच संधी, पुढ्यात आफ्रिकेतलं सर्वांत प्रसिद्ध अवशेषस्थळ, आणि आपण जाणूनबुजून त्यातला सर्वांत दरिद्री कोपरा निवडतोय. काही मिळालं नसतं तर 'बाईला महत्त्वाची जागा कळली नाही' हे वाक्य तयारच होतं.

तिथे त्यांना काय हवं होतं? एखादी सुंदर वस्तू नाही, एक संबंध. आपल्या जुन्या घरातली शहाबादी फरशी उचलली आणि तिच्याखालच्या मुरमात १९७४ चं पाच पैशांचं नाणं मिळालं, तर फरशी १९७४ च्या आधीची असू शकत नाही. घर कितीही पुरातन असल्याचं आजोबा सांगोत. आणि ती फरशी व भिंत एकाच कामात झाल्याचं सांध्यावरून दिसत असेल, तर भिंतीचीही तारीख बांधली गेली. मांडमध्ये झोपड्यांच्या जमिनी होत्या, माती चोपून केलेल्या. चोपणीची माती इतकी घट्ट, की सिमेंटसारखी. तिच्या खालचं जे काही असेल ते झाकणाखाली बंद. वरून कोणी काही टाकलं तरी आत जाणार नाही. त्या जमिनी आणि दगडी भिंती एकाच बांधकामाचा भाग होत्या. बाईंनी त्या जमिनी फोडून खाली पाहिलं.

खाली मिळाली ती खापरं, आसपासच्या बांटू भाषक, म्हणजे तिथल्याच आफ्रिकी लोकांच्या घडणीशी नातं सांगणारी. लोखंड मिळालं. काचेचे आयात मणी मिळाले. वर, जमिनींवर, पुन्हा त्याच परंपरेतल्या वस्तू. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. भिंती फिनिशियनांच्या आणि झोपड्या नंतर येऊन राहिलेल्या आफ्रिकींच्या असत्या, तर चोपणीच्या खाली त्या मूळ मालकांचा काहीतरी मागमूस हवा होता. एखादं भांडं, एखादं अक्षर, एखादी वेगळ्या धाटणीची वस्तू. काहीही नव्हतं. भिंत बांधणारा, चोपणी करणारा आणि ते मडकं फोडणारा हे एकाच समाजाचे लोक होते.

मांडवरच त्या थांबल्या नाहीत. शंकूच्या बुरुजाच्या पायाखालून त्यांनी बोगदा काढला. साठेक वर्षांच्या दंतकथांचा खांबच तो. त्याच्या बुडाशी काही गुपित आहे का, ते एकदा बघूनच टाकायचं. बुरूज भरीव निघाला आणि पायाखाली कोणत्याही प्राचीन परदेशी संस्कृतीचा थर नव्हता. त्या काळी नवीनच असलेल्या विमानाचाही त्यांनी उपयोग केला. वरून पाहताना टेकडीकडे जाणारी जमिनीवरून न दिसणारी एक वाट दिसली. शेजारच्या भागातल्या इतर छोट्या दगडी अवशेषांचीही पाहणी केली, म्हणजे एका जागेचा निकाल अपवाद ठरू नये.

मण्यांकडे थोडं थांबायला हवं, कारण तिथे आपला संबंध येतो. हिंदी महासागराच्या व्यापारात काच आणि अकीकाचे मणी शतकानुशतकं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जात होते. गुजरातेतलं खंबायत हे त्याचं मोठं केंद्र. मान्सूनच्या वाऱ्यावर जाणाऱ्या गलबतांतून मणी आणि कापड जायचं, आफ्रिकेतून सोनं आणि हस्तिदंत यायचं. झिम्बाब्वेची भरभराट या व्यापाराशी जोडलेली होती. परदेशी वस्तू मिळतात म्हणून बांधणारे परदेशी, हा युक्तिवाद बेंट-हॉलपासून चालत आलेला. बाईंनी तो उलटवला: परदेशी वस्तू मिळतात, कारण इथल्या सत्तेकडे त्या विकत घेण्याइतकं सोनं होतं. मुंबईच्या एखाद्या वाड्यात बेल्जियमची झुंबरं टांगलेली दिसली म्हणून वाडा बेल्जियन लोकांनी बांधला असं कोणी म्हणत नाही.

सभागृहात

ऑगस्ट १९२९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या अधिवेशनात, बाईंनी निष्कर्ष मांडला. १९३१ च्या पुस्तकात तो एका वाक्यात आहे: सगळ्या बाजूंनी गोळा केलेला पुरावा तपासला, तरी बांटू मूळ आणि मध्ययुगीन काळ या दाव्याशी विसंगत अशी एकही गोष्ट त्यातून निघत नाही. वाक्याची रचना पाहा. 'मी सिद्ध केलं' असं त्या म्हणत नाहीत. ओझं त्या समोरच्याच्या डोक्यावर ठेवतात: एक तरी वस्तू आणा.

सभेत सगळ्यात जोरात भडकले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट. आवाज चढवून बोलले आणि निघून गेले. मला हा या प्रकरणातला सर्वांत चटका लावणारा भाग वाटतो. पाचच वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, टाउंगच्या बाळाची, म्हणजे माणसाच्या एका अतिप्राचीन पूर्वजाच्या पोराची कवटी डार्ट यांच्याच हाती आली होती आणि माणसाची पाळंमुळं आफ्रिकेत आहेत हे त्यांनी ओळखलं होतं. तेव्हा इंग्लंडमधल्या प्रस्थापितांनी त्यांना उडवून लावलं. स्वतः असा अन्याय सोसलेला माणूस. पण माणूस आफ्रिकेत जन्मला हे मानायला तयार असलेल्या डार्ट यांना आफ्रिकेतल्या माणसाने भिंत बांधली हे मानवेना. त्यांच्या डोक्यात बॅबिलोन आणि फिनिशिया ठाण मांडून बसलेले.

नंतर वर्षानुवर्षं बाईंना पत्रं येत राहिली: शेबाची राणी, सॉलोमनच्या खाणी, गुप्त मोजमापं. ती सगळी पत्रं त्या एका फायलीत ठेवत. फायलीवर नाव होतं, 'वेडसर'. कचेरीची शिस्त म्हणालो होतो ती अशी.

कुठे चुकल्या

प्रकरण अभ्यासात नायिकेला देव्हाऱ्यात बसवून चालत नाही. दोन गोष्टी ठळकपणे चुकल्या.

एक तारखांची. मण्यांच्या साधर्म्यावरून बाईंनी बांधकामाची सुरुवात बरीच आधी, आठव्या-नवव्या शतकापर्यंत मागे नेली. आज मुख्य दगडी बांधकामाचा काळ साधारण तेरावं ते पंधरावं शतक मानला जातो. म्हणजे मॅकआयव्हर यांचा अंदाज काही बाबतींत जास्त जवळचा होता. मण्यांवरून तारीख काढणं अवघड, कारण मणी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात राहतात. 'या थराखाली परकं काही नाही' हे त्यांचं ठाम विधान टिकलं, 'हा थर अमुक शतकातला' हे तेवढं टिकलं नाही. दोन्ही विधानांचा भक्कमपणा वेगवेगळा असतो, हे त्यांचे टीकाकार मुद्दाम विसरले आणि चाहते भाबडेपणाने. फायूममध्येही असंच झालं होतं. तिथल्या दोन संस्कृतींपैकी जी त्यांनी नंतरची आणि खालावलेली मानली, ती पुढे आधीची निघाली.

दुसरी चूक जास्त बोचते. बांधकाम आफ्रिकी आहे हे ज्या पुस्तकात त्यांनी सिद्ध केलं, त्याच पुस्तकात त्यांनी या वास्तुकलेला बालबुद्धीची, तर्कपूर्व मनाची निर्मिती म्हटलं. एकदा जमलेली गोष्ट लहान मुलासारखी पुन्हा पुन्हा करत राहणारं मन, असं वर्णन. ११ मीटर उंचीची, चुन्याशिवाय शतकं उभी राहिलेली भिंत समोर असताना. जमिनीत काय आहे ते त्यांनी कोणाच्याही दबावाखाली न येता वाचलं, पण जे वाचलं त्याचं मोल करताना हातात साम्राज्याचीच तागडी होती. काही जण हे 'त्या काळाचा दोष' म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. त्या काळातल्या सगळ्यात नकोशा निष्कर्षापर्यंत जी व्यक्ती स्वतःच्या पायांनी चालत गेली, तिच्याकडून आणखी एक पाऊल मागणं वावगं नाही.

पुढे

१९५० च्या सुमारास ग्रेट एन्क्लोजरच्या भिंतीतल्या एका मोरीवर लावलेली लाकडं मिळाली आणि त्यांचं रेडिओकार्बन मापन, म्हणजे लाकडातल्या कार्बनवरून वय काढणं, झालं. उत्तर आलं सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास. प्राचीनवाद्यांना पुन्हा पालवी फुटली. पण लाकूड तांबूटी नावाच्या झाडाचं, अतिशय सावकाश वाढणारं, टिकाऊ आणि पुन्हा पुन्हा वापरलं जाणारं. वाडा पाडला की त्याचे सागवानी वासे नव्या घराला लागतात, तसं. लाकडाची तारीख ती भिंतीची तारीख नव्हे. १९५८ मध्ये रॉजर समर्स, कीथ रॉबिन्सन आणि अँथनी व्हिटी यांनी नव्याने खणून थरांचा क्रम बसवला, तो बाईंच्या मुख्य निष्कर्षाच्या बाजूनेच.

विद्वानांपुरता वाद तिथे संपला. सत्तेपुरता नाही. १९६५ मध्ये इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर अवशेष कोणी बांधले याविषयी सरकारी माहितीत संदिग्धता राखण्याचा दबाव आला. पीटर गार्लेक हे तिथल्या स्मारकांचे निरीक्षक. ते या प्रश्नावर मागे हटेनात, आणि १९७० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. म्हणजे मांडचा खड्डा बुजून ४० वर्षं झाली होती आणि तरी 'आफ्रिकींनी बांधलं' एवढं म्हणणं नोकरीवर बेतत होतं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याने नाव घेतलं ते या अवशेषांचं, आणि तिथे सापडलेल्या दगडी पक्ष्याला झेंड्यावर जागा दिली.

बाई मधल्या काळात इजिप्तच्या खार्गा मरूद्यानात गेल्या, १९३७-३८ च्या हिवाळ्यात दक्षिण अरबस्तानात हद्रमौतमध्ये चंद्रदेवतेचं मंदिर खणलं. तिथे प्रवासलेखिका फ्रेया स्टार्क यांच्याशी त्यांचं इतकं बिनसलं की तो किस्सा आजही चघळला जातो. १९४० ते १९४६ प्रीहिस्टॉरिक सोसायटीच्या अध्यक्ष, त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९४४ मध्ये ब्रिटिश अकादमीच्या सदस्य. १९४६ मध्ये हक्सली पदक. झिम्बाब्वे स्वतंत्र झालं तेव्हा त्या ९२ वर्षांच्या होत्या. १९८३ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं आणि १८ एप्रिल १९८५ ला गेल्या.

आणि १९२९ मध्ये कॅमेरा सांभाळणारी केन्यन? १९५२ मध्ये ती जेरिकोच्या टेकाडावर उभी राहिली. तिथेही एक पडलेली भिंत होती आणि तिच्यावरही बायबलचा हक्क सांगितला जात होता: बायबलमधल्या जोशुआ या सेनानीच्या कर्ण्यांनी कोसळलेली हीच, असं आधीच्या उत्खननकर्त्याने जाहीर केलेलं. केन्यनने भिंतीला टेकलेले थर एकेक करून मोजले. भिंत जोशुआच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या जवळजवळ हजार वर्षं आधीच पडलेली होती.